अर्नोच्या चिखलातली पुस्तके

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. आमच्या उर्दू शाळेच्या खालच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटे होती. पाणी ओसरल्यावर मोहल्ल्यातली मुले घमेली, फावडी घेऊन धावून आली. दुपारपर्यंत खोली स्वच्छ झाली आणि पुस्तके चिखलाबरोबर ट्रॉलीत गेली. ‘टाकून द्या’ असे सांगणारी मीच होते. त्या ढिगात शाळेचे एक जुने जनरल रजिस्टरही होते. फाउंटन पेनची शाई पसरलेली दिसली, म्हणून मी ते उघडलेसुद्धा नाही.

पुढे इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या पुराविषयी वाचताना ती ट्रॉली सारखी डोळ्यांपुढे येत राहिली.

4 नोव्हेंबर 1966. पहिल्या महायुद्धातील विजयाच्या स्मरणाची सुट्टी, लोक घरातच होते. पहाटे अर्नो नदी शहरात घुसली. काही भागांत पाणी सहा मीटरपेक्षा वर चढले. हिवाळा तोंडावर असल्यामुळे तळघरांतल्या टाक्या तेलाने भरलेल्या होत्या. त्या फुटल्या आणि चिखल काळा, तेलकट झाला. राष्ट्रीय ग्रंथालय नदीकाठालाच. तिथली सुमारे दहा लाख पुस्तके, वृत्तपत्रे आणि इतर कागदपत्रे त्या चिखलात सापडली.

या ग्रंथालयाचे मूळ मला फार भावले. अंतोनियो माल्याबेकी नावाचा माणूस तरुणपणी सोनाराकडे कामाला होता. वाचनाच्या वेडापायी तो पुढे दरबारचा ग्रंथपाल झाला. 1714 मध्ये वारला तेव्हा त्याने सुमारे 30,000 पुस्तके शहरासाठी, विशेषतः पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या गरिबांसाठी ठेवली. आपल्या बुजुर्गांनी वक्फ करावा, तशीच ही नियत. 1966 मध्ये ज्यांचे फार हाल झाले, त्यांत त्याचा संग्रहही होता.

पूर ओसरताच इटलीतून आणि परदेशांतून तरुण मुले-मुली येऊ लागली. लोक त्यांना ‘चिखलातले फरिश्ते’ म्हणू लागले. तळघरातल्या दुर्गंधीमुळे काहींनी तोंडावर गॅस मास्क चढवले होते. जिन्यावर रांग करून ते एकेक पुस्तक हातोहात वर देत. ओल शोषण्यासाठी पुस्तकांवर लाकडाचा भुसा टाकत, पानांमध्ये टीपकागद घालत. रेल्वे स्टेशनच्या बॉयलरघरात पुस्तके धुतली गेली. तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांत ती सुकवली गेली. फरिश्त्यांच्या हातूनही चुका झाल्या. भुसा पानांना चिकटून बसला आणि तो काढणे हेच नंतर वेगळे काम झाले. पण ओले पुस्तक म्हणजे रद्दी, असे त्यांनी मानले नाही.

इंग्लंडहून आलेल्या पीटर वॉटर्स यांच्यासारख्या बांधणीकारांनी या कामाला शिस्त लावली. प्रत्येक ग्रंथाचे एक कार्ड: नुकसान काय, आजवर काय केले, पुढे काय करायचे. कागद जतन करण्याचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी याच चिखलातून वर आले. ओल्या पुस्तकाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. सगळी लगेच सुकवणे शक्य नसेल तर ती गोठवून ठेवायची आणि सवडीने सुकवायची, ही रीत त्यानंतरच्या वर्षांत रुळली. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मासळी गोठवणारे कारखाने आहेत. कोळंबी टिकते तिथे किताब टिकेल, हे त्या दुपारी कुणाच्याच डोक्यात आले नाही.

2016 मध्ये त्या पुराला 50 वर्षे झाली, तेव्हाही फ्लॉरेन्समधले दुरुस्तीचे काम पुरे झालेले नव्हते.

आमच्या शाळेत आता नवी पुस्तके आली आहेत आणि कपाटे वरच्या मजल्यावर नेली आहेत. जन्मतारखेच्या दाखल्यासाठी जुने विद्यार्थी अजून येतात. गेल्या वर्षी एक चाचा आले होते. बापाने आपले नाव याच शाळेत घातले होते, एवढे त्यांना पक्के ठाऊक. “बाई, नाव तर असेलच ना?” त्यांनी विचारले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि उरलेली रजिस्टरे एकेक करून काढून पाहिली.