सुपारी कितीला फुटली? नारायणगावच्या राहुट्यांमधला हिशेब

आजचा भाग माझ्या मामेभावाच्या एका व्हॉइस नोटमुळे सुचला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इव्हेंट मॅनेजमेंटच्या कोर्सची फी भरायची तारीख तोंडावर आलीय. त्याचा प्रश्न सरळ होता : "दादा, यात पैसे किती मिळतात? पुण्यात जास्त का मुंबईत?"

मी त्याला आकडा सांगितला नाही. हे काम मी स्वतः दोन सीझन केलंय, एका कंपनीकडे रोजंदारीवर. लग्नसराईत जो रोज मिळायचा, त्याच्या निम्म्यातही पावसाळ्यात कुणी बोलवत नव्हतं. शेवटच्या कार्यक्रमाचे पैसे तर चार महिन्यांनी आले, तेही कापून. घरी बसून चिडचिड करत होतो, तेव्हा आजोबा म्हणाले, "अरे, तुमच्यापेक्षा तमाशाचा मॅनेजर बरा. विसार घेतल्याशिवाय तो तारीख लिहायचाच नाही."

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. आजोबा बरीच वर्षं यात्रा कमिटीत होते आणि दर वर्षी चार-पाच जणांबरोबर नारायणगावला जायचे. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं हे गाव. याला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा बोर्ड, आत फडाचा मॅनेजर, त्याच्यासमोर वही आणि पंचांग. गावोगावच्या कमिट्या या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि सौदा ठरला की सुपारी फुटते. हो, सुपारी. हिंदी पिक्चरवाल्यांनी हा शब्द खुनाला लावला, पण आपल्याकडे त्याचा साधा अर्थ काम ठरवणं एवढाच आहे.

आता भावाच्या प्रश्नाकडे येतो. या बाजारात भाव कशावर ठरतो? तुम्ही म्हणाल कलाकारावर. फडाचं नाव लागतंच, पण त्याहून जास्त तिथी लागते. आमच्या भागात चैत्र पौर्णिमेला किंवा चैत्र वद्य अष्टमीला एकाच दिवशी कितीतरी गावांच्या यात्रा येतात. देवाची तिथी काही पुढेमागे करता येत नाही. फड थोडे आणि गावं जास्त, मग त्या रात्रीचा भाव चढतो. तोच फड, तेच वगनाट्य, त्याच नाचणाऱ्या बाया, आणि तीन दिवसांनी मोकळी तारीख असेल तर मॅनेजर स्वतःहून कमी करतो. आजोबांची कमिटी रात्रीच्या खेळाबरोबर दुसऱ्या दिवशीची हजेरीही त्याच पैशात मागायची. त्यावरून एकदा म्हणे तीन वेळा राहुटीबाहेर पडून परत आत गेले.

आणि प्रदेश? तोही लागतो, पण वेगळ्याच वाटेने. पश्चिम महाराष्ट्रात यात्रेचा तमाशा बहुतेक वर्गणीतून होतो. गाव फडाला एकरकमी पैसे देतं आणि लोक फुकट बघतात. म्हणजे कांद्याला भाव नाही मिळाला, पाऊस दगा देऊन गेला, की वर्गणी आटते आणि सुपारीही खाली येते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत किंवा खानदेशात सारंगखेड्याला चित्र वेगळं. तिथे कनात लावून तिकिटावर खेळ होतो. गर्दी झाली तर गल्ला भरला, नाही झाली तर शंभरेक माणसांचं जेवण आणि ट्रकचं डिझेल मालकाच्या डोक्यावर. दसऱ्याला बाहेर पडलेला फड कित्येक महिने असा तिकिटाच्या भरवशावर फिरतो. चैत्रातल्या सुपाऱ्या आल्या की मग कुठे देणी फिटायला लागतात.

देणी कसली? तर उचल. कलाकार सीझनच्या आधी मालकाकडून रक्कम उचलतो आणि सीझनभर काम करून ती फेडतो. ऐकताना मला आधी हेवाच वाटला, कारण माझे पैसे चार महिने उशिरा आले होते आणि यांचे आधीच! आजोबांनी लगेच थांबवलं. उचल घेतलेल्या माणसाला मधेच फड सोडता येत नाही, कमी पडलं तर पुन्हा उचल, आणि पुढचं वर्षही त्याच फडात. मालकही कुठे सुटतो? ती उचल द्यायला त्याने सावकाराकडून व्याजाने पैसे आणलेले असतात.

याच नारायणगावचं नाव लावणाऱ्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवलं गेलं. पण अखेरच्या काळात त्या हलाखीत होत्या. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. ज्या गावांनी वर्गणी काढून तमाशा नाचवला, तिथल्या सर्वांत मोठ्या बाईचं शेवटचं बिलही एका अर्थाने वर्गणीतूनच भरलं गेलं. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

आणि मग २०२० चा पाडवा. तारीख आठवतेय? २५ मार्च. आदल्या रात्री आठला टाळेबंदीची घोषणा झाली. ज्या दिवसांवर वर्षाची उचल आणि व्याज अवलंबून, नेमके तेच दिवस गेले. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता, आणि त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले. लागोपाठ दोन चैत्र कोरडे. भाड्याने घेतलेला हॉल बंद राहिला तर त्याचं भाडं वाचवता येतं, पण आधीच दिलेली उचल कुणाकडे परत मागणार?

हे सगळं मी भावाला सांगितलं. अर्धा तास ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हणजे फी भरू का नको?" मी म्हटलं, कोर्सवाल्यांना पगार विचारूच नकोस. पावसाळ्यात काय देतात, कार्यक्रम झाल्यावर किती दिवसांनी देतात आणि रद्द झाला तर कुणाच्या खिशातून जातात, एवढंच विचार.

काल त्याचा परत मेसेज आला. फोन केला होता म्हणे. पहिला प्रश्न विचारल्यावर पलीकडच्या मॅडमनी "एक मिनिट" म्हणून होल्डवर ठेवलं, आणि वीस मिनिटं बासरी ऐकून यानेच फोन ठेवला.