मुद्दाम वळणावळणाचे रस्ते आणि बुडालेली कंपनी: शिकागोजवळचं रिव्हरसाइड कसं वसलं?

शिकागोचा नकाशा म्हणजे बुद्धिबळाचा पट. रस्ते सरळ, चौक काटकोनात. पण शहराच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण १४ किलोमीटरवर, डेस प्लेन्स नदीच्या वळणावर रिव्हरसाइड हे 'व्हिलेज' आहे आणि तिथे सरळ रस्ता शोधावा लागतो. (इलिनॉय राज्यात 'व्हिलेज' म्हणजे शेतीवाडीचं खेडं नव्हे. छोट्या नगरपालिकेसारखा तो एक कायदेशीर दर्जा आहे.)

१८६० ते १८७० या दहा वर्षांत शिकागोची लोकसंख्या १ लाख १२ हजारांवरून जवळपास ३ लाखांवर गेली. गर्दी, चिखल आणि धूर यांना कंटाळलेल्या पैसेवाल्यांना शहराबाहेर घर हवं होतं. नदीकाठच्या या भागातून १८६४ मध्ये रेल्वे गेलेलीच होती. १८६८ मध्ये एमरी चाइल्ड्स आणि त्याच्या भागीदारांनी 'रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी' काढली आणि सुमारे १,६०० एकर जमीन मिळवली.

आराखड्यासाठी कंपनीने थेट न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घडवणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ यांना गाठलं. ओल्मस्टेडचं म्हणणं साधं होतं. सरळ रस्ता माणसाला घाई करायला लावतो, वळणाचा रस्ता निवांतपणा देतो. म्हणून रस्ते नदीसारखे वळवले. ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे खालीही ठेवले, म्हणजे घरातून पाहिलं की हिरवळच दिसावी. घर रस्त्यापासून किमान ३० फूट आत, उंच कुंपण नाही, असे नियम होते. नदीकाठ आणि मोठी मैदानं सगळ्यांसाठी राखली. पाण्याचे नळ, सांडपाण्याची व्यवस्था आणि गॅसचे दिवे यांची तयारीही सुरुवातीपासून होती.

मग बिनसलं. कंपनीने मोबदला रोख न देता भूखंडांत द्यायचं ठरवलं होतं. त्यात चाइल्ड्सला आपलं घर सार्वजनिक मैदानातच बांधायचं होतं! १८७० मध्ये ओल्मस्टेड आणि वॉ बाहेर पडले. काम विल्यम ल बॅरन जेनीकडे आलं. पुढे गगनचुंबी इमारतींसाठी गाजलेला तो हाच. गावातला पाण्याचा मनोराही त्याचाच.

ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला भीषण आग लागली आणि पैसा जळालेलं शहर उभारण्याकडे वळला. १८७३ च्या आर्थिक मंदीत कंपनी बुडाली. भूखंड कितीतरी वर्षं रिकामे राहिले.

मात्र १८७५ मध्ये रहिवाशांनी गावाला 'व्हिलेज'चा दर्जा मिळवला आणि ओल्मस्टेडचा आराखडा सोडला नाही. मोकळ्या जागा विकल्या गेल्या नाहीत. घरं सावकाश भरत गेली. १९७० मध्ये रिव्हरसाइडला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली. गॅसचे दिवे तिथे आजही लागतात आणि नवखा माणूस आजही त्या वळणांत रस्ता चुकतो.