तंबोरा, डफ आणि लौकिक : पलूस-कुंडल परिसरातील दोन परंपरा

नामांकित कलावंताने सार्वजनिक प्रश्नात उडी घेतली की आज दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना ते धाडस वाटते, काहींना प्रसिद्धीची हौस. हा वाद नवा नाही. त्याचा निवाडा करायला सांगली जिल्ह्यातली पलूस आणि कुंडल ही दोन शेजारची गावे पुरेशी आहेत. एका गावाने आपले नाव एका थोर गवयाला दिले. दुसरे गाव प्रतिसरकारचे केंद्र झाले आणि तिथल्या चळवळीने शाहिरांना नाव मिळवून दिले.

पंडित विष्णु दिगंबर यांचे घराणे मूळचे गाडगीळांचे. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. 1872 साली कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णुबुवांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली. त्या काळी गवयाच्या गळ्याला दाद मिळे, पण त्याला बरोबरीचे आसन मिळत नसे. हे त्यांना सलत होते. संस्थानी आश्रय सोडून ते बाहेर पडले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गवयाला समाजात मान मिळावा, ही त्यांची पहिली चळवळ म्हणावी लागेल.

पुढे मिळालेला लौकिक त्यांनी राष्ट्रीय सभेच्या मांडवात नेला. अधिवेशनात ते ‘वंदे मातरम्’ गात. 1923 च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला हरकत घेतली, तेव्हाही बुवांनी गीत पुरे केले. एकाच मांडवात अनेक धर्मांची माणसे बसतात, तेव्हा सुराचाही प्रश्न होतो, हे त्या दिवशी दिसले. मौलानांची हरकत त्यांच्या श्रद्धेतून आली होती, बुवांचा आग्रह त्यांच्या निष्ठेतून. दोघेही स्वराज्याचेच शिपाई होते, हे विसरून त्या प्रसंगाकडे पाहू नये.

बुवांना संपत्ती मात्र जमली नाही. मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली. 1931 साली मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी दांडीच्या वाटेवर ‘रघुपति राघव’ची धून घुमत होती. तिची प्रचलित चाल बुवांची मानली जाते. आज ती गाणाऱ्या लाखोंना चाल कुणाची हे ठाऊक नसते.

कुंडलची गोष्ट उलट दिशेने जाते. हे गाव औंध संस्थानातले. सभोवती इंग्रजी मुलूख आणि मध्ये संस्थानी हद्द, त्यामुळे भूमिगतांना इथे थोडी उसंत मिळे. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजचा बराचसा सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच होता. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड यांची तुफान सेना कुंडलचीच. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेण्यात आला, त्यात ही मंडळी पुढे होती.

रेल्वे अडवायला मूठभर माणसे पुरतात. गावचे न्यायनिवाडे चालवायला आणि कमी खर्चाची गांधी-लग्ने लावायला मात्र गावाचे मन वळावे लागते. वर्तमानपत्रांवर सरकारची नजर आणि बहुसंख्य लोक निरक्षर. अशा वेळी शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांचा डफ कामी आला. पोवाड्याची रचनाच या कामाला सोयीची. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, पुन्हा पुन्हा घोळवतात. तेवढ्यात ती ऐकणाऱ्याला पाठ होते आणि सकाळी मोटेवर येते. पोलिसांना कागद जप्त करता येतो. पाठ झालेली ओळ कशी जप्त करणार?

हा डफ एका जातीचा किंवा एका धर्माचा नव्हता. याच वाळवे भागातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी ब्राह्मण घर सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. वाटेगावच्या मांगवाड्यातून अण्णाभाऊ साठे आले. बार्शीचे अमर शेख मुसलमान घरातले. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 च्या सुमारास लालबावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन वाट काढली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच आवाज पुन्हा मैदानात घुमले.

जगातही या दोन्ही वाटा दिसतात. अमेरिकेचा कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन आधी प्रसिद्ध होता. 1950 साली सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो 1958 पर्यंत मिळाला नाही. 1 ऑगस्ट 1971 रोजी पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसनने न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफली केल्या. तिकिटांतून सुमारे अडीच लाख डॉलर जमले, पण ध्वनिमुद्रिकांचा पैसा करांच्या घोळात कित्येक वर्षे अडकला. तरीही बांगलादेश हे नाव पाश्चात्त्य घराघरांत पोहोचले, ते या मैफलींमुळे.

म्हणून कलावंताच्या चळवळीला दोनच प्रश्न विचारावेत. त्याने स्वतःचे काय पणाला लावले? आणि तो गेल्यावर त्याचे गाणे लोकांकडे राहिले का? पलुसकर आणि कुंडलचे शाहीर दोघेही या कसोटीला उतरतात. लौकिक आधी आला की चळवळ आधी, याने फरक पडत नाही.

फरक पडला तो नोंदीत. पलुसकरांची चरित्रे झाली, अण्णाभाऊंचे पुतळे झाले. पण झीलकऱ्यांचे काय? 1972 साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना आली, तिने तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा मागितला. रात्री झील धरून सकाळी औताला जाणाऱ्याकडे असा कागद कुठून असणार? बापू 2011 साली गेले, कॅप्टन भाऊ 2022 साली. तो डफ प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. प्रत्येक गावच्या शाळेने किंवा वाचनालयाने त्यांच्याकडून निदान झीलकऱ्यांची नावे आणि आठवणाऱ्या ओळी या हिवाळ्यात उतरवून घ्याव्यात. याला मोठा निधी लागत नाही. एक वही आणि दोन दुपारी पुरतात.