काचपट्टीवरचे चार दिवस

पावसाळ्यात सिंधुदुर्गात भातशेतीत राबणाऱ्यांना उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या वाटतात, तेव्हा उंदरांच्या पैदाशीचा विषय निघतोच. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, गाभण राहिली की तीन आठवड्यांत पिल्लं देते आणि त्यानंतर दिवसभरातच पुन्हा माजावर येते. हे दिवस मोजायची रीत मात्र न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत जन्मली, आणि तीही उंदरावर नव्हे, गिनीपिगवर.

माजावर आलेली गाय हंबरते, सोट टाकते. गोठ्यात ते लगेच कळतं. गिनीपिगचं तसं नाही. त्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांना ठरावीक अवस्थेतलं बीजांड हवं होतं, आणि ते मिळेल या भरवशावर माद्या मारत राहणं त्यांना पटेना. नाक तपासायच्या छोट्या उपकरणाच्या मदतीने ते रोज मादीचा योनिस्राव काचपट्टीवर घेऊ लागले. मादी जिवंत राहिली आणि पेशी दिवसागणिक बदलताना दिसल्या. 1917 साली सहकारी स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनी सुमारे सोळा दिवसांचं चक्र मांडलं. स्त्रियांची पॅप चाचणी याच कामातून पुढे आली.

1922 मध्ये लाँग आणि इव्हान्स यांनी उंदरिणीचं चक्र लावून दिलं: आधी केंद्रक असलेल्या पेशी, मग माजाच्या वेळी केंद्रक गेलेले चपटे खवले, मग पांढऱ्या पेशींची गर्दी. पुढच्याच वर्षी ॲलन आणि डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातला द्रव, अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांना टोचला. काचपट्टीवर खवले आले! डोळ्यांना न दिसणाऱ्या संप्रेरकाची ही पहिली पक्की खूण. या कुळकथेतला सर्वांत देखणा प्रयोग मला हाच वाटतो.

उंदरिणीच्या माजाच्या आदल्या दिवशी हेच संप्रेरक, इस्ट्रोजेन, शिगेला पोचतं, दुपारनंतर पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक उसळतं, पाठोपाठ प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि रात्री बीजांडं सुटतात. एव्हरेट आणि सॉयर यांनी 1950 मध्ये दाखवलं, की त्या दुपारी दोनच्या आधी गुंगीचं औषध दिलं तर सगळं चोवीस तास पुढे ढकललं जातं. मेंदू घड्याळ पाहत असतो.

या चक्रामुळे निष्कर्ष डळमळतील या धास्तीने कित्येक प्रयोगशाळांनी माद्या टाळून नरच वापरले. हे मला अक्षम्य वाटतं. 1917 सालीच पुण्यात जन्मलेल्या संशोधक कमल रणदिवे यांना ती पळवाट घेणं शक्यच नव्हतं. मुंबईत परळला, डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या अभ्यासत होत्या तो उंदरिणींच्या स्तनाचा कॅन्सर, आणि त्यात आनुवंशिकतेबरोबर संप्रेरकांचा हात किती आहे हाच त्यांचा प्रश्न होता.