बाहुलीच्या मानेवरचा शिक्का

आपल्याकडे बाहुलीचा विषय निघाला की आधी प्रश्न येतो, ती घरात ठेवणं जायज की नाजायज? उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. पण लहानपणी हजरत आयशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत, त्यांच्याकडे कापडी पंखांचा एक घोडाही होता आणि प्रेषितांना (स.) तो पाहून हसू आलं, हे हदीसच्या संग्रहांत नोंदलेलं आहे. आज मात्र मला दुसरा प्रश्न विचारायचा आहे : बाहुली केली कोणी?

निमित्त आहे जर्मनीच्या जुन्या 'बिस्क' बाहुल्यांचं. युरोप-अमेरिकेत त्या जमवणारे हजारो शौकीन आहेत. बिस्क म्हणजे झिलई न दिलेली चिनीमाती. झिलई नसल्याने चेहरा चकाकत नाही, माणसाच्या त्वचेसारखा मऊ दिसतो. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची, कडेला थर धरला की उरलेली काढून घ्यायची, डोळ्यांच्या जागा कापायच्या आणि डोकं भट्टीत भाजायचं. मग गाल, ओठ, भुवया रंगवून कमी आचेवर पुन्हा भाजायचं. धड बहुतेक वेळा कागदाच्या लगद्याचं किंवा चामड्याचं. काचेचे डोळे लाउशा गावचे. याच गावातल्या लुडविग म्युलर-उरी या बाहुल्यांचे डोळे बनवणाऱ्या कारागिराने 1835 च्या सुमारास माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे बनवायला सुरुवात केली.

हा सगळा उद्योग थुरिंगिया प्रांतातला. वाल्टर्सहाउजनला केस्टनर आणि केमर अँड राइनहार्ट, ग्रेफेनहाइनला सायमन अँड हाल्बिग, सोनेबर्गजवळ केपेल्सडॉर्फला आर्मांड मार्सेइ. डोक्याच्या मागे, केसांच्या टोपाखाली, मातीतच कारखान्याची खूण आणि साच्याचा क्रमांक असतो. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे 'जर्मनी' असा शिक्का दिसला, तर बाहुली बहुधा त्यानंतरची.

जाणकार संग्राहक टोप काढून डोक्यात दिवा धरतात. केसाएवढा तडा असला तरी उजेडात दिसतो आणि किंमत कोसळते. मार्सेइचा 390 क्रमांकाचा साचा इतका खपला की तो आजही सहज सापडतो. उलट केमर अँड राइनहार्टने 1909 पासून खऱ्या मुलांसारखे रुसलेले, गंभीर चेहरे काढले. त्यातले काही लोकांना आवडले नाहीत, म्हणून थोडेच बनले, आणि थोडेच बनले म्हणून आज अतिशय महाग आहेत.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. डोकी कारखान्यात भाजली जात, पण सोनेबर्ग भागातलं बाकीचं बरंच काम घरोघरी चाले. लगदा साच्यात दाबणं, हातपाय रंगवणं, कपडे शिवणं, सगळं नगावर मजुरी घेऊन. एकाच खोलीत चूल, झोपणं आणि वाळत घातलेले हातपाय. नाताळच्या आधीच्या महिन्यांत रात्र-रात्र काम, आणि त्यात घरातली लहान मुलंही. बायका पाठीवरच्या टोपल्यांत माल भरून व्यापाऱ्याकडे पोचवत. भाव तोच ठरवी. जर्मनीने 1903 मध्ये बालमजुरीविरुद्ध कायदा केला आणि तो घरातल्या कामालाही लावला, पण पोटच्या मुलांच्या बाबतीत नियम सैल ठेवले. म्हणजे जिथे मुलं सर्वाधिक राबत, तिथेच कायदा सर्वात नरम!

1906 मध्ये बर्लिनला घरकामगारांच्या मालाचं प्रदर्शन भरलं. वस्तूंसोबत त्या बनवायला लागलेला वेळ आणि मिळालेली मजुरी लिहिली होती. चित्रकार केटे कोलवित्झ यांनी त्यासाठी थकलेल्या कामगार बाईचं पोस्टर केलं. ते काढल्याशिवाय आपण प्रदर्शनाला येणार नाही, असं सम्राज्ञीने कळवलं. माल चालत होता, बाईचा चेहरा चालत नव्हता.

संग्राहकांवर माझा राग नाही. त्यांनी जपल्या म्हणूनच या बाहुल्या उरल्या आणि साच्यांचे क्रमांक टिकले. पण घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला त्या शिक्क्यात काहीतरी कमी वाटतं. मानेवर कारखान्याचं नाव आहे, देशाचं आहे. जिने बाहुलीचे हात रंगवले, आणि कदाचित स्वतः कधी अशा बाहुलीशी खेळली नाही, त्या मुलीचं नाव कुठेच नाही.

पुढच्या वेळी मुलीसाठी खेळणं घ्याल तेव्हा त्यावरचा शिक्का जरूर वाचा. आणि त्यावर काय लिहिलेलं नाही, तेही क्षणभर आठवा.