मनोहरगडाच्या फुटलेल्या पायऱ्या

आंबोली म्हटलं की ऑफिसमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. धबधबा, गरम भजी, धुकं आणि रस्त्यावर दोन किलोमीटर गाड्यांची रांग. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावाचं आणखी काय होणार म्हणा! म्हणून आम्ही मुद्दाम पावसाळा टाळून, दिवाळीच्या जरा आधी गेलो. नऊ जण, दोन गाड्या. शनिवारी रात्री आंबोलीत मुक्काम आणि रविवारी एका दिवसात मनोहर-मनसंतोषगड करून परत, असा बेत.

पहाटे घाट उतरून पायथ्याचं शिरशिंगे गाव गाठलं. गावातले एक काका वाट दाखवायला बरोबर आले. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे ओढ्यांना पाणी होतं, उतारावर सोनकीची पिवळी फुलं होती, पण दहा वाजताच ऑक्टोबरचं ऊन असं काही तापलं की आमच्यातले जिमवाले सगळ्यात आधी बसले. काका अनवाणी, पुढे.

गडाच्या कातळापाशी आलो तर तिथे वाट अचानक संपल्यासारखी वाटली. खडकात खोदलेल्या पायऱ्या मध्येच गायब, पुढे नुसते दगड. मी सवयीप्रमाणे सुरू केलं, "बघा, आपल्याकडे गडांची काय अवस्था आहे, कुणी लक्षच देत नाही..." वगैरे. हे भाषण मी प्रत्येक गडावर करतो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झिला, हयसर पायऱ्यो होत्यो. इंग्रजांनी फोडल्यानी."

भाषण तिथेच बंद पडलं. कारण का फोडल्या, कधी फोडल्या, हे मला काहीच माहीत नव्हतं. शाळेतल्या इतिहासात १८१८ ला पेशवाई बुडते आणि पुढचं पान उलटलं की थेट १८५७. मधली चाळीस वर्षं महाराष्ट्र जणू झोपला होता! परत आल्यावर दोन वीकेंड वाचनात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी 'गडकरी' म्हणजे कोण ते बघू. आज ते आडनाव आहे, पण तेव्हा ती नोकरी होती. किंबहुना नोकरीपेक्षा जास्त. गडावर पिढ्यान् पिढ्या राहून तो राखायचा आणि त्या बदल्यात गडाच्या आसपासची जमीन कसून खायची. पगार नाही, जमीन. बाप गेला की मुलगा पहाऱ्यावर. राज्य कुणाचंही येवो, गड आणि जमीन यांचा हा करार चालू राहायचा.

१८३८ मध्ये कोल्हापूरचे राजे वारले, गादीवर अल्पवयीन शिवाजी (चौथे) आले, आणि कारभारात इंग्रजांचा हात वाढत गेला. त्यांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. दाजींनी कारभार 'सुधारायला' घेतला, आणि त्यात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या. कागदावर हा अगदी स्वच्छ बदल होता. हिशेब एका जागी, अधिकार एका जागी. आमच्या क्षेत्रात जुनी सिस्टिम बंद करून नवीन आणताना असंच प्रेझेंटेशन असतं. पण गडावरच्या माणसाला त्यात एकच गोष्ट दिसली. आज जमीन मामलेदाराकडे गेली, उद्या गडावर आपली गरजच नाही असं सांगतील.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड त्यांना मिळाला. बेळगावहून फौज निघाली. १३ ऑक्टोबर १८४४ ला सामानगड पडला. मधल्या काळात बंडवाल्यांनी साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यांनाच पकडून पन्हाळ्यावर डांबलं होतं. १ डिसेंबरला इंग्रजांनी पन्हाळा तोफा लावून घेतला आणि ओव्हन्स सुटले. कोल्हापुरातलं बंड तिथे आटोपलं.

पण तोवर ठिणगी घाट उतरून खाली सावंतवाडीत पोचली होती. तिथेही १८३८ मध्येच इंग्रजांनी कारभार आपल्या हातात घेतला होता. खेम सावंत गादीवर होते ते नावापुरते. संस्थानातले एक मोठे सरदार, फोंड सावंत तांबूळकर, आपल्या आठ मुलांसह बंडात उतरले. पुढचा धक्का याहून मोठा. गादीचे वारस अण्णासाहेब बंडवाल्यांना जाऊन मिळाले. आणि या सगळ्यांचं ठाणं होतं मनोहरगड, म्हणजे आम्ही धापा टाकत चढलो तोच.

हाच गड का, ते वर गेल्यावर नकाशा न उघडता कळतं. माथ्यावर आता तटबंदीचे तुकडे, जोती आणि रान. समोर खिंडीपलीकडे मनसंतोषगडाचा सुळका. (आमच्यातल्या दोघांना तिथेही जायचं होतं. काकांनी "दोर आसा काय?" एवढंच विचारलं आणि विषय संपला.) उत्तरेला रांगणा. आंबोलीच्या बाजूला सह्याद्रीची सलग भिंत. पश्चिमेला तळकोकण पसरलेलं, हवा स्वच्छ असेल तर थेट समुद्रापर्यंत. आणि दक्षिणेला, डोंगरांच्या घड्यांपलीकडे, गोवा. ही जागा जुन्या लोकांनाही पटलेली होती. आग्र्याहून सुटून आल्यावर, १६६७ मध्ये रांगण्याचा आदिलशाही वेढा उठवल्यानंतर शिवाजी महाराजांनी मनोहरगडावर महिनाभर मुक्काम केल्याचं सांगतात.

१८४४ मध्ये मात्र यातली महत्त्वाची दिशा एकच होती, दक्षिण. गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे इंग्रजांची फौज सरहद्दीवर थांबणार. गड लढवता येईल तोवर लढवायचा, नाहीतर रानातून गोव्यात उतरायचं. झालंही तसंच. जनरल डेलामोट आणि कर्नल जेम्स आउट्रम (हाच पुढे १८५७ मध्ये लखनौला गेलेला आउट्रम) यांनी डोंगर वेढला. जानेवारी १८४५ मध्ये गड पडला, पण बरेच बंडवाले निसटून गोव्यात पोचले. अण्णासाहेबही गेले. पोर्तुगीजांनी त्यांना आश्रय दिला.

पुढे काय झालं? इथे मला खरा चटका बसला. अण्णासाहेबांना कालांतराने माफी मिळाली, ते परत आले आणि १८६७ ते १८६९ सावंतवाडीच्या गादीवर बसले. तांबूळकरांच्या मुलांनी १८५८ मध्ये गोवा-कारवारच्या सरहद्दीवर पुन्हा बंड केलं. शेवटी ते पोर्तुगीजांना शरण गेले, आणि पोर्तुगीजांनी त्यांना जहाजात घालून पार तिमोर बेटावर पाठवलं. नकाशावर बघा एकदा, ऑस्ट्रेलियाच्या वर. सावंतवाडीच्या रानातली माणसं तिथे! आणि साध्या गडकऱ्यांचं? पन्हाळा, सामानगड यांचे तट पाडले. राखायला गडच उरला नाही म्हटल्यावर राखणारा कुठला? त्यांना जी भीती होती, तेच झालं.

उतरताना आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, हा काही स्वातंत्र्यलढा नव्हे, जमिनीचं भांडण. दुसरा म्हणाला, मग १८५७ मधले किती जण 'देशासाठी' लढले? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. ज्याचं घर, जमीन आणि काम या तिन्हींचं नाव 'गड' आहे, त्याने पोटासाठी लढायचं आणि मानासाठी लढायचं हे वेगळं कसं करायचं? आमच्या नऊ जणांत एक असा होता की ज्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी 'रिस्ट्रक्चरिंग'मध्ये गेली होती. वादात तो एक अक्षर बोलला नाही. खाली आल्यावर फक्त म्हणाला, "त्यांच्याकडे निदान लावून घ्यायला दरवाजा होता."

गाडीत बराच वेळ कुणी गाणी लावली नाहीत.

असो. पडक्या गडांवर माझं 'आपलं दुर्लक्ष'वालं भाषण मी आता बंद केलंय. दुर्लक्ष आहेच, पण प्रत्येक पडकी भिंत आपोआप पडलेली नसते. काही भिंती कुणीतरी घाबरून पाडलेल्या असतात. पुढच्या वेळी आंबोलीला गेलात तर एक दिवस धबधबा सोडा आणि मनोहरगड चढा. पाणी भरपूर घ्या, गावातलं कुणीतरी बरोबर घ्या. आणि पायऱ्या संपतात तिथे दोन मिनिटं थांबा.