सिमोन वेय आणि गर्भपाताचा कायदा

२६ नोव्हेंबर १९७४ रोजी फ्रान्सच्या आरोग्यमंत्री सिमोन वेय यांनी गर्भपाताचे विधेयक मांडले, तेव्हा समोर जवळजवळ सारे पुरुषच बसले होते. १६ व्या वर्षी ऑशविट्झच्या छावणीत नेल्या गेलेल्या या बाईंच्या विधेयकाला काही सभासदांनी नाझींच्या हत्याकांडाची उपमा दिली!

बाईंची भूमिका तशी बेताचीच. गर्भपात हा अखेरचा उपाय. पण १० आठवड्यांपर्यंत निर्णय त्या स्त्रीचा. सरकार पक्षातील बहुतेकांनी पाठ फिरवली. समाजवादी व कम्युनिस्ट मतांच्या बळावर २८४ विरुद्ध १८९ असे ते तरले.

आम्ही युनियनची माणसे कायद्यात आधी पैशाचे कलम शोधतो. ते येथे उणे निघाले. सामाजिक विम्यातून खर्च मिळणार नव्हता. हे कृत्य अपवादच राहावे, म्हणून हा भार, असे बाईंचे समर्थन. अगदी निर्धन स्त्रीला सरकारी मदत होती, आणि श्रीमंत स्त्री तर पूर्वीही इंग्लंड गाठीतच होती. मधल्यामध्ये अडली ती पगारदार कामकरी बाई. तिला विम्याचा हक्क देणारा कायदा १९८२ च्या अखेरीस झाला. वेय यांनी मंत्रिपद सोडून तेव्हा तीन वर्षे लोटली होती.